पट्टे मोजू नका, जोड पाहा

दशकातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण, याच्या याद्या मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे. आता त्या उघडण्याआधीच मला पाठ असतात. १९१० चं दशक जॅक जॉन्सनचं, पुढचं जॅक डेम्प्सीचं, मग जो लुई, शुगर रे रॉबिन्सन, रॉकी मार्सियानो, मोहम्मद अली, असं करत करत मेवेदरपर्यंत. हेवीवेटचा जगज्जेता घ्यायचा, खालच्या वजनगटातला एखादा फारच डोळ्यांत भरला तर तो घ्यायचा, त्याच्यापुढे दशक लिहायचं, की यादी तयार.

नावं वरखाली होण्याला माझी हरकत नाही. तो आवडीनिवडीचा भाग आहे आणि त्यावर रात्रभर वाद घालायला मला आवडतं. माझं भांडण आहे ते मापाशी. या याद्या जगज्जेतेपदाच्या मापाने केलेल्या असतात, आणि जगज्जेतेपदासाठी लढायला कुणाला मिळणार हे शंभरातली कित्येक वर्षं प्रमोटर, मॅनेजर, कातडीचा रंग आणि काही काळ तर उघड उघड गुंडांच्या टोळ्या ठरवत होत्या. ज्याला किताबाची लढतच मिळू दिली नाही, त्याला ‘याच्याकडे किताब नाही’ म्हणून यादीतून वगळायचं, म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय आपण आपल्या हाताने पुन्हा एकदा करायचा.

कुस्तीची मैदानं पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. अमक्या पैलवानाने गदा पटकावली असं कुणी कौतुकाने सांगितलं की फडावरचा जाणता माणूस आधी विचारतो, ‘जोड कोण होती?’ दुबळी जोड लावून घेऊन मिळवलेल्या गदेचं कौतुक तिथे कुणी करत नाही. हाच प्रश्न बॉक्सिंगला विचारला तर दशकांची यादी पार बदलते. सुरुवात पहिल्याच नावापासून होते.

सॅम लँगफर्ड हा कृष्णवर्णीय बॉक्सर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. वेमथ फॉल्स नावाच्या छोट्या वस्तीत जन्मलेला, उंची साडेपाच फुटांच्या जराशी वर, हात मात्र लांब आणि खांदे रुंद. १९०३ मध्ये त्याने बोस्टनमध्ये जो गान्सला हरवलं. गान्स तेव्हा लाइटवेटचा जगज्जेता होता, पण ती लढत किताबासाठी नव्हती. मग लँगफर्ड वजनगट ओलांडत वर सरकत गेला आणि थेट हेवीवेटांशी लढू लागला. १९०६ मध्ये त्याची जॅक जॉन्सनशी गाठ पडली. लँगफर्ड तेव्हा जॉन्सनपेक्षा कितीतरी हलका होता. १५ फेऱ्यांत तो हरला, पण शेवटपर्यंत उभा राहिला. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्यानंतर तो लँगफर्डशी कधीच लढला नाही.

जॉन्सनच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये त्याने गोऱ्या जिम जेफ्रीजला लोळवलं, आणि त्या रात्री अमेरिकेतल्या गावागावांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसं मेली. १९१३ मध्ये त्याला ‘मान कायद्या’खाली (बायकांना ‘अनैतिक’ हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धचा अमेरिकी कायदा) दोषी ठरवलं गेलं, देश सोडून पळावं लागलं, आणि माफी मिळाली ती २०१८ मध्ये, तो जाऊन ७२ वर्षं झाल्यावर. एवढं सोसून ताठ उभा राहिलेला माणूस दुसरा दाखवणं कठीण. पण प्रश्न १९१० ते १९१९ या दहा वर्षांत सर्वांत चांगलं कोण लढलं, हा आहे. जेफ्रीज रिंग सोडून पाचसहा वर्षं झालेला माणूस होता. त्यानंतर १९१२ मध्ये जिम फ्लिन, १९१४ मध्ये फ्रँक मोरान, आणि मधे १९१३ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये बॅटलिंग जिम जॉन्सनशी बरोबरी. किताब हाती असताना कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी तो लढला ते त्या एकदाच. एप्रिल १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डने २६ व्या फेरीत त्याला पाडलं आणि किताब गेला. जॉन्सनचा हिशेब पैशांचा होता: गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढलं की तिकिटं खपतात. हा हिशेब मी समजू शकतो. पण त्याची किंमत लँगफर्डने मोजली.

त्याच वेळी लँगफर्ड काय करत होता? हॅरी विल्स, जो जीनेट आणि सॅम मॅकव्हे ही त्या काळातली सर्वांत अवघड जोड. तिघंही कृष्णवर्णीय, तिघांनाही किताबाचं दार बंद. लँगफर्ड त्यांच्यातल्या प्रत्येकाशी डझनाहून अधिक वेळा लढला. दुसरं कुणी उभंच राहायला तयार नसल्याने ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांनाच मारत राहिली. १९१७ मध्ये फ्रेड फुल्टनशी लढल्यानंतर लँगफर्डच्या एका डोळ्याची नजर गेली. दुसराही मंदावत गेला, तरी तो पुढे १९२६ पर्यंत लढला. १९४४ मध्ये ॲल लेनी या पत्रकाराने त्याला हार्लेममधल्या एका खोलीत शोधून काढलं, तेव्हा तो पूर्ण आंधळा होता आणि खिशात काही नव्हतं. लेनीचा लेख वाचून लोकांनी निधी जमवला. १९१० च्या दशकापुढे मी लँगफर्डचं नाव लिहितो.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो: ‘जॉन्सनच्या चित्रफिती तरी आहेत, लँगफर्डचं आपण पाहिलंय किती?’ चित्रफिती का नाहीत, तेही विचारायला हवं. रीनोची फिल्म गावोगाव दाखवली जाऊ नये, गोऱ्या माणसाला काळ्या माणसाने मारलेलं लोकांना दिसू नये, या भीतीतून अमेरिकेच्या संसदेने १९१२ मध्ये कायदा केला आणि बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी घातली. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. म्हणजे पुरावाच ज्यांनी रोखला, त्यांच्याच बाजूने आज पुराव्याचा अभाव साक्ष देतो आहे. हे मान्य करून यादी करायला बसणं मला जमत नाही.

१९२० च्या दशकाला हाच नियम लावला तर डेम्प्सी गळतो. जुलै १९१९ मध्ये टोलेडोत विलार्डला त्याने ज्या रीतीने फोडून काढलं ते आजही बघवत नाही, इतका तो भयंकर ताकदीचा. पण जगज्जेता असतानाच्या सात वर्षांत तो हॅरी विल्सशी लढला नाही. विल्स पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर होता, करार झाले, बातम्या छापून आल्या, लढत झाली नाही. सप्टेंबर १९२३ मध्ये फिर्पोला हरवल्यावर डेम्प्सी तीन वर्षं किताब घेऊन नुसता बसून होता. विल्सला डावलल्यामुळे न्यूयॉर्कने डेम्प्सी-टनी लढतीला परवाना नाकारला, म्हणून १९२६ ची ती लढत फिलाडेल्फियाला हलवावी लागली आणि तिथे १ लाख २० हजार लोकांसमोर जीन टनीने डेम्प्सीला हरवलं.

पण त्या टनीला कोणी हरवलं होतं? हॅरी ग्रेबने. २३ मे १९२२, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ग्रेब मिडलवेटचा, टनी त्याच्यापेक्षा मोठा. पहिल्याच फेरीत टनीचं नाक मोडलं, मग भुवया फाटल्या, आणि रक्ताने माखलेला टनी १५ फेऱ्या उभा राहिला. टनीच्या सबंध कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. त्याला हरवणाऱ्या ग्रेबचा एक डोळा तेव्हा निकामी झालेला होता. १९२१ मध्ये किड नॉरफोकशी लढताना तो गेला असं सांगतात. ही बाब त्याने पंचांपासून, डॉक्टरांपासून लपवून ठेवली. नॉरफोक कृष्णवर्णीय होता हे मुद्दाम लिहितो, कारण ज्या काळात किताबवाले अशा लढती टाळत होते त्या काळात ग्रेब कुणालाही नाही म्हणत नव्हता. टायगर फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय बॉक्सरला त्याने १९२६ मध्ये किताबाची संधी दिली आणि किताब गमावला. फ्लॉवर्स मिडलवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका शस्त्रक्रियेनंतर ग्रेब वारला. वय ३२. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत टनी होता.

ग्रेबच्या जवळपास ३०० लढतींपैकी एकाचीही चित्रफीत उरलेली नाही. सरावाचे काही तुकडे आहेत, त्यात तो हसत, उड्या मारत, हात इतके भरभर चालवतो की ठोसा नेमका कुठून निघाला ते कळत नाही. शिवाय त्याच्या असंख्य लढतींना अधिकृत निकालच नव्हता. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गुणांवर विजेता जाहीर करायला मनाई होती. दोघंही उभे राहिले की पंच काही न सांगता निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रं विजेता ठरवायची. नोंदवहीत ‘निकाल नाही’ असं दिसतं, आणि नुसत्या आकड्यांवर याद्या करणाऱ्यांच्या हातून ग्रेबसारखा माणूस निसटून जातो. जुन्या बातम्या काढून वाचण्याचे कष्ट घेतल्याशिवाय त्या दशकाबद्दल बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३० च्या दशकावर फार शब्द खर्च करत नाही. जो लुईबद्दल मला नितांत आदर आहे. जॉन्सननंतर कृष्णवर्णीयांना २२ वर्षं बंद राहिलेलं हेवीवेट किताबाचं दार त्याने उघडलं आणि जून १९३८ मध्ये जर्मनीच्या श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. तरीही दशक हेन्री आर्मस्ट्राँगचं. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत त्याने फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट हे तीन किताब घेतले आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे होते. तेव्हा सबंध जगात वजनगट आठ होते. आज १७ वजनगट आहेत, चार मोठ्या संघटना आहेत, म्हणजे किताबाचे साधे पट्टेच ६८ होतात. ‘सुपर’ आणि ‘हंगामी’ वेगळे. आजचा कुणी ‘चार वजनगटांचा विजेता’ म्हणून जाहिरातीत झळकतो तेव्हा आर्मस्ट्राँगने आठांपैकी तीन मुठीत धरले होते हे आठवावं. पट्टे मोजून तुलना का होत नाही, याला याहून सोपं उदाहरण नाही.

आता १९४० चं दशक. इथे माझी निवड इतरांसारखीच आहे: शुगर रे रॉबिन्सन. दोन्ही हातांत नॉकआउट, मागे सरकत असताना मारण्याची ताकद, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाकडून हरल्यावर थेट जुलै १९५१ पर्यंत एकही हार नाही. त्यालाही वेल्टरवेटच्या किताबासाठी डिसेंबर १९४६ पर्यंत थांबवून ठेवलं होतं. रॉबिन्सनच्या वर मी कुणाला ठेवत नाही. पण त्याच्या शेजारी एक नाव लिहिल्याशिवाय ते दशक पूर्ण होत नाही, आणि ते नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेलंही नसतं.

चार्ली बर्ली, पिट्सबर्गचा. १९३६ मध्ये हिटलरच्या बर्लिनला पर्याय म्हणून बार्सिलोनात लोकांचं ऑलिंपिक भरणार होतं, त्यासाठी हा पोरगा स्पेनला गेला. तिथे यादवी युद्ध पेटलं आणि स्पर्धा झालीच नाही. व्यावसायिक झाल्यावर त्याने फ्रिट्झी झिविकला तीनपैकी दोनदा हरवलं. १९४० मध्ये आर्मस्ट्राँगकडून वेल्टरवेटचा किताब हिसकावला तो याच झिविकने. झिविकने बर्लीला किताबाची लढत कधीच दिली नाही. एप्रिल १९४४ मध्ये बर्लीने आर्ची मूरला पुन्हा पुन्हा खाली पाडून हरवलं. मूर पुढे सबंध आयुष्य सांगत राहिला की मी ज्यांच्याशी लढलो त्यांत हा सर्वांत चांगला. जवळपास शंभर लढतींत बर्लीला कुणीही थांबवू शकलं नाही. रॉबिन्सन त्याच्याशी कधी लढला नाही. किताबासाठी तर त्याला कुणी एकदाही उभं केलं नाही. लढती मिळेनाशा झाल्या तेव्हा पिट्सबर्ग शहराच्या कचरा गोळा करणाऱ्या गाडीवर त्याने नोकरी धरली आणि तिथेच आयुष्य काढलं.

मी पाहिलेली बर्लीची एकमेव चित्रफीत १९४६ मधली, ऑकलंड बिली स्मिथविरुद्धची. धूसर, मधेमधे तुटणारी. बर्लीचे हात खाली, जवळजवळ कमरेपाशी. पाय फारसे हलत नाहीत, फक्त कंबरेवरचा भाग वाऱ्यात डुलणाऱ्या कणसासारखा. स्मिथ जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारतो आणि डोकं तिथे नसतं. किती नसतं? वीतभर. त्याहून जास्त हलणं बर्लीला गरजेचं वाटत नाही. मग अचानक, पायाची कसलीही तयारी न दाखवता, उजवा हात थेट जबड्यावर. मी ती फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा थांबवून थांबवून मागे नेली, आणि तरीही तो ठोसा सुरू कुठे होतो हे मला आजतागायत सापडलेलं नाही. हे बघितल्यावर ‘किताब नाही’ म्हणून त्याला वगळणारी यादी वाचली की राग येतो.

किताब मिळायचा कसा, हे त्या काळातल्या एका माणसाने स्वतःच सांगून ठेवलं आहे. जेक लामोटा नोव्हेंबर १९४७ मध्ये बिली फॉक्सकडून हरला. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्याने कबूल केलं की ती हार मुद्दाम होती, किताबाची लढत मिळावी म्हणून दिलेली किंमत होती. १९४९ मध्ये त्याला लढत मिळाली आणि तो जगज्जेता झाला. म्हणजे नोंदवहीत एक पराभव आणि एक किताब दिसतो, आणि दोन्हींच्या मागे गुंडांच्या टोळीचा एकच सौदा आहे. ज्या माणसांनी असा सौदा केला नाही त्यांच्या रकान्यात काय दिसतं? काहीच नाही.

‘मग निदान त्या त्या काळातल्या मासिकांची क्रमवारी तरी प्रमाण माना,’ असं काही मित्र म्हणतात. ‘द रिंग’ १९२२ पासून निघतं, त्याची क्रमवारी वर्षानुवर्षं बायबलासारखी मानली गेली, आणि मीही ती पाहतो. पण १९७७ मध्ये एबीसी वाहिनीने एक मोठी अमेरिकी स्पर्धा दाखवायला घेतली, डॉन किंग प्रमोटर, बॉक्सरची निवड ‘द रिंग’च्या नोंदींवरून, आणि उघडकीला आलं की काही बॉक्सरच्या खात्यात कधी न झालेले विजय जमा केलेले आहेत. वाहिनीला स्पर्धा मधेच बंद करावी लागली. पुढे आयबीएफ या जागतिक संघटनेचे अध्यक्ष बॉब ली यांच्यावर क्रमवारीतल्या जागांसाठी पैसे घेतल्याचा खटला झाला. मुख्य आरोपातून ते सुटले, पण बेकायदा पैशांची उलाढाल आणि करचुकवेगिरी यांत दोषी ठरून तुरुंगात गेले. ‘अधिकृत’ या शब्दापुढे मान तुकवण्याआधी ही प्रकरणं माहीत असायला हवीत.

आणखी एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. ‘संधी मिळाली असती तर’ असं म्हणायला लागलो तर मग कुणालाही थोर ठरवता येईल, याला अंत कुठे? अंत आहे. लँगफर्ड, ग्रेब, बर्ली यांना मी न झालेल्या लढतींचं श्रेय देत नाही. झालेल्या लढतींचंच देतो. ते जिथे लढले तिथली जोड जगज्जेत्यांच्या जोडीपेक्षा कठीण होती, आणि हे कागदावर सिद्ध करता येतं. याच कारणाने मी क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनला या यादीत घेत नाही. १९७२, १९७६, १९८० अशी ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णं, पैशांचे डोंगर समोर ठेवले तरी देश न सोडणारा माणूस, पण व्यावसायिकांशी त्याची गाठ पडली नाही. हंगेरीच्या लास्लो पापचं दुःख त्याहून मोठं. १९४८, १९५२, १९५६ ची सुवर्णं जिंकून तो तिशीनंतर व्यावसायिक झाला, युरोपचा विजेता झाला, एकदाही हरला नाही, आणि जगज्जेतेपदाची लढत समोर आली तेव्हा त्याच्याच सरकारने परवानगी काढून घेतली. पापसाठी माझा जीव तुटतो. तरी यादीत त्याला आणता येत नाही, कारण ती जोड झालीच नाही.

१९५० च्या दशकात मार्सियानोचे ४९ पैकी ४९ विजय लोकांना भुलवतात. मी आर्ची मूरला घेतो. हो, मार्सियानोने १९५५ मध्ये त्याला हरवलं. पण मूर मुळात लाइट हेवीवेटचा, वयाने बराच मोठा, आणि तरीही दुसऱ्या फेरीत त्याने मार्सियानोला खाली बसवलं होतं. १९३५ च्या सुमारास लढायला लागलेल्या या माणसाला पहिली किताबाची लढत मिळाली डिसेंबर १९५२ मध्ये. तीसुद्धा जोई मॅक्सिमला एवढी मोठी हमी देऊन, की जिंकल्यावर मूरच्या हाती जवळपास काही उरलं नाही. मग दशकभर तो किताब त्याने सोडला नाही. डिसेंबर १९५८ मध्ये माँट्रियलला चाळिशी ओलांडलेल्या मूरला इव्हॉन ड्युरेलने पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं, पाचव्या फेरीत पुन्हा पाडलं, आणि अकराव्या फेरीत मूरने ड्युरेलला नॉकआउट केलं.

१९६० चं दशक सगळे अलीला देतात, कारण त्यात तो अपराजित होता. मी ते ब्राझीलच्या एडर जोफ्रेला देतो आणि अलीला १९७० चं देतो, ज्यात तो तीनदा हरला. हे उलटं वाटेल. पण १९६४ ते मार्च १९६७ या काळात अलीसमोर लिस्टन सोडला तर फार मोठी जोड नव्हती. मग व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याबद्दल त्याचा परवाना गेला, आणि शरीर सर्वांत चपळ असण्याची साडेतीन वर्षं हिरावली गेली. परतला तो पायांची जादू ओसरलेला अली. त्याने फ्रेझर तीनदा घेतला, नॉर्टन तीनदा घेतला, किन्शासात फोरमनला घेतलं, लाइल आणि शेव्हर्सलाही नाही म्हटलं नाही. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाजवळ १४ व्या फेरीअखेर फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, आणि त्याचे प्रशिक्षक एडी फुच यांनी त्याला स्टुलावरून उठू दिलं नाही. समोरच्या कोपऱ्यात अलीही उभं राहण्याच्या अवस्थेत नव्हता. अपराजित असण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

पुढची दशकं झरझर. १९८० चं शुगर रे लिओनार्डचं. मन हॅग्लरकडे ओढ घेतं, पण दुरान, हर्न्स आणि हॅग्लर हे तिघंही ज्याच्या खात्यावर आहेत त्याला डावलता येत नाही. १९९० चं पर्नेल व्हिटकरचं. सप्टेंबर १९९३ मध्ये सॅन अँटोनिओत त्याने चावेझला आख्खी रात्र हवेत ठोसे मारायला लावले, आणि दोन पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. मी ती बरोबरी मानत नाही. हुलिओ सेझार चावेझची अडचण वेगळीच आहे. त्याचा बहर १९८४ ते १९९३, म्हणजे दशकाच्या सुरीखाली बरोबर मधोमध चिरला गेलेला. दोन्ही यादींत तो दुसरा-तिसरा येतो, आणि दहा वर्षं कुठूनही मोजली असती तर कदाचित पहिला आला असता. दशकाचा हिशेब कॅलेंडरवाल्यांच्या सोयीचा आहे, बॉक्सरच्या शरीराला तो माहीत नसतो. २००० चं दशक पॅकियाओचं, कारण बरेरा, मोरालेस, मार्केझ, कोटो अशी नावं सहज सापडत नाहीत. २०१० चं मेवेदरचं, पण २ मे २०१५ ला पॅकियाओशी जी लढत झाली ती पाच वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. उशीर दोघांचाही झाला आणि नुकसान आपलं झालं.

चालू दशक संपायचं आहे. नाओया इनुए आणि टेरेन्स क्रॉफर्ड दोघंही दावेदार आहेत, पण मला ओलेक्झांडर उसिक पुढे दिसतो, आणि कारण तेच: जोड, आणि तीही परक्याच्या घरात. आधीच्या दशकाच्या अखेरीस ब्रीडिसशी रीगात, गासिएव्हशी मॉस्कोत, बेल्यूशी मँचेस्टरमध्ये, आणि या दशकात जोशुआशी लंडनमध्ये. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला हरवून तो हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला ड्युबॉइसला त्याच्याच लोकांसमोर पाडलं.

राहता राहिल्या बायका, ज्यांचं नाव या याद्यांत कुठेच नसतं. ऑलिंपिकने महिलांचं बॉक्सिंग घेतलं ते २०१२ मध्ये. मेरी कोमने पहिल्या जागतिक स्पर्धेत, २००१ मध्ये, रौप्य जिंकलं, आणि मग २००२, २००५, २००६, २००८, २०१० अशी पाच सुवर्णं. मधे २००७ मध्ये तिला जुळी मुलं झाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा जगज्जेती झाली. तिचा बहर चालू असताना ऑलिंपिकचं दार बंद होतं. ते उघडलं तेव्हा ती २९ वर्षांची होती, आणि आत वजनगट फक्त तीन होते, सर्वांत खालचा ५१ किलोचा. ४६ आणि ४८ किलोंत लढत आलेली ही बाई आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या मुलींशी लढली आणि उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून हरली. लंडनचं कांस्य बघून तिचं माप काढणारे लोक आपल्याच देशात भरपूर आहेत. २००० च्या दशकापुढे मी दोन नावं लिहितो, पॅकियाओ आणि मेरी कोम, आणि त्यातलं कुठलं आधी लिहावं यावर माझा अजून निर्णय झालेला नाही.